छेद समान करून घ्या

पाचवी ब. अंबडच्या कारखान्यांमागची मनपाची शाळा.
पटावर एक्केचाळीस. खिडकीला गज,
गजांवर लोखंडाची भुकटी,
रोज पुसली तरी रोज.

फळ्यावर लिहिलं : एक छेद चार अधिक एक छेद आठ.
आणि सवयीनं म्हणाले,
आधी छेद समान करून घ्या.
एकवीस वर्षं म्हणतेय.
ओठ आपोआप हलतात, दूधवाल्याला
'अर्धा लिटर' म्हणावं तसे.

देवराम गावित सुरगाण्याकडचा.
बाप दिंडोरीच्या द्राक्षबागेत, आई इथे सेंटरिंगच्या कामावर.
चार महिने पोर गप्प.
मी नोंदवहीत त्याच्यापुढे 'मंद' लिहिलं होतं,
पेन्सिलनं, खोडता येईल असं,
पण लिहिलं होतं.

त्या दुपारी त्यानं डब्यातली नागलीची भाकर मोडली,
शेजारच्याला म्हणाला, घे, चतकोर.
मग हातातल्या चतकोराचे दोन केले :
हे नितकोर. हे तुझ्या भावाला.
माझा घास तोंडाशीच थांबला.
मी कोरडा खडू झिजवत होते
आणि याच्या डब्यात
सगळा धडा भाजून आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सात भाकरी थापल्या.
हर्षल पगारला, ज्याचा सहा नेहमी नऊ होतो,
म्हटलं, लिहू नकोस, मोड आणि सांग.
तो बोलत सुटला, घंटा झाली तरी बोलत होता.
तेव्हा पहिल्या बाकावरची शर्वरी उभी राहिली :
बाई, मग आम्ही का लिहायचं? ही चीटिंग आहे.
मला उत्तर सुचलं नाही.
रात्री भांडी घासतानाही सुचलं नाही.

मोहिनीला ऐकू येत नाही.
मी तिच्यासाठी मोठ्यानं बोलायचे.
आता सांगायलाही लाज वाटते. मोठ्यानं!
पण ती खाली बसली की तळवा फरशीवर ठेवते,
हे मला पाचव्या महिन्यात दिसलं.
भिंतीपलीकडे प्रेस शॉप आहे,
पत्र्यावर ठोका पडतो, जमीन शहारते.
मी तिच्याशेजारी मांडी घातली, तळवा टेकला.
चार ठोके, एक टाळी.
तिनं मान हलवली आणि माझा हात धरून
दोन ठोक्यांवर टाळी वाजवली :
हे अर्धं.
बाहेर भोंगा झाला, शिफ्ट सुटली, जमीन थांबली.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जणू मीच बंद पाडली मशीन.

केंद्रप्रमुखांनी टाचणवही चाळली.
एका पाठाची चार टाचणं? वेळ कुठून आणता?
घरून, म्हटलं.
ते हसले. शेरा मारला : अभ्यासक्रम मागे आहे.
खरंच मागे आहे. दशांश अजून उघडलेला नाही.

पालकसभेला देवरामचा बाप आला,
नखांत बोर्डोचा निळसर रंग, उभाच राहिला.
काय विचारावं ते न कळून मी विचारलं,
छाटणीला सगळ्या काड्या एकाच मापानं कापता का?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की या बाईला कुणी नोकरीवर घेतलं.
काडी बघून, बाई.
तिचे डोळे मोजून.

नोंदवहीतला तो शब्द खोडला.
कागदावर खाच राहिली आहे,
बोट फिरवलं की लागते.

आणि शेवटच्या बाकावर जुनेद.
रात्री त्रिमूर्ती चौकात भावाच्या गाडीवर
एकपर्यंत पाव भाजतो, माझ्या तासाला झोपतो.
त्याच्यासाठी माझ्याकडे भाकर नाही, ठोका नाही.
एकदा उठवलं तर 'सॉरी बाई' म्हणाला,
आणि ते इतकं नीट म्हणाला
की पुन्हा उठवलं नाही.
हे बरोबर केलं की चूक, माहीत नाही.

तीनच्या सुमाराला ऊन त्याच्या तोंडावर येतं.
मी शिकवता शिकवता तिथपर्यंत जाते
आणि त्या बाजूला उभी राहून
उरलेलं गणित सांगते.