पावलांचा हिशेब

होडीतून उतरला तेव्हा सहा वर्षांचा,
मुठीत अर्धा खाल्लेला तिळाचा पिठा,
आणि नाव हलधर.
आईनं त्याला माझ्या ओटीत घातलं म्हणावं, तर
ब्रह्मचाऱ्याला ओटी कुठली!
तिनं नुसती त्याची बोटं सोडवली पदरातून, एकेक,
आणि नावाड्याला म्हणाली, चल.

मी मुहीराम, बेतनि सत्रातला भकत,
तेव्हा एकोणीसचा.
त्याचे केस विंचरायला शिकलो, आमच्यात कापत नाहीत.
अंथरूण ओलं झालं की पहाटेच्या नामाआधी
ब्रह्मपुत्रेत धुवून आणायचो, कुणाला कळू न देता.
पुढे ज्याच्या पायाशी मंत्री बसले
त्याचं अंथरूण.

बाराव्या वर्षी त्यानं विचारलं :
आपल्याकडे मूर्ती नाही, आसनावर पोथी आहे.
पोथी वाळवीनं खाल्ली तर
आपण वाकतो ते कुणापुढे?
थोरले अधिकार हसले,
मग दोन दिवस बोललेच नाहीत.
तिसऱ्या दिवशी त्याची चटई आपल्या शेजारी टाकायला सांगितली.

सत्ताविसाव्या वर्षी तोच अधिकार झाला.
मी त्याला प्रभु म्हणायला लागलो.
तो मला मुही ककाईच म्हणत राहिला,
भर सभेत, सगळ्यांदेखत.

टीका लिहायला बसला ती एकाच शब्दावर : माझे.
सांचीच्या सालीची पानं मी घासून द्यायचो,
हिरडा, गंजलं लोखंड आणि गोमूत्र यांची शाई उकळायचो.
अकरा वर्षं.
काशीचा एक पंडित येऊन चार दिवस भांडला,
जाताना म्हणाला, याला उत्तर सुचत नाही,
आणि हिवताप घेऊन गेला.

नदी मात्र त्याच्या बाजूनं वाद घालत होती.
दोनदा नामघर सोडवलं आम्ही,
खांब होड्यांवर घातले, पुन्हा रोवले.
तिसऱ्यांदा तो म्हणाला, आता मोजूया.
त्याचा एक पाय अधू, म्हणून चालायचो मी,
नामघराच्या उंबऱ्यापासून काठापर्यंत,
तो कंदील धरून मोठ्यानं मोजायचा,
परत येऊन टीकेच्या समासात आकडा लिहायचा.

पलीकडच्या काठावर त्याची आई गेली
त्या दिवशी उदास भकताला सुतक नव्हतं.
धूर दिसला. बास.
भात खाल्ला नाही त्यानं, पोट बिघडलंय म्हणाला.
तिन्हीसांजेला कंदील घेऊन उभा होताच.
त्या पानावर एकही अक्षर नाही,
समासात फक्त : दोनशे चौदा.

तो गेल्यावर गुवाहाटीहून विद्वान आले,
हातमोजे घालून पानं उलटली.
एक म्हणाला, ही तत्त्वांची गुप्त गणना.
दुसरा म्हणाला, श्वास.
तिसऱ्यानं दोनशे चौदाला दोनानं भागून पाहिलं
आणि फार गंभीर झाला.
मी म्हणालो, बाबांनो, ती माझी पावलं आहेत.
त्यांनी हे टिपून घेतलं,
तळटीपेत, ‘स्थानिक समजूत’ म्हणून.

अजून जातो मी रोज.
कंदील आता एक पोरगं धरतं, मोजताना चुकतं,
कधी एकोणचाळीस दोनदा म्हणतं.
परवा सत्तर भरली, काल बाहत्तर.
नदी मागे सरली म्हणून सत्रात आनंद झाला,
कुणीतरी केळी वाटली.

मी काही बोललो नाही.
माझे गुडघे गेलेत,
पाऊल आखूड पडतंय दिवसेंदिवस;
नदी किती आली आणि मी किती संपलो
हे आता त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

हलधर असता तर
शाई उकळायला सांगितली असती.