उलटी जोडणी

गाडी अठ्ठ्याऐंशी सालची, फिकट निळी.
रात्रभर अंगणातल्या खांबाला
केबलने बांधलेली असते, गायीसारखी,
म्हणून सकाळी इंजिन तरी उठतं.
सीट उठत नाही.
उणे एकतीसला सीट म्हणजे
कापड चढवलेली फरशी.

माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा
तायस्तो म्हणाला, नवी गाडी घेणार नाही.
मी घे म्हटलंच नव्हतं.
आठवड्याने टपालाने एक चपटं खोकं आलं.
आत चार काळ्या गाद्या, पुठ्ठ्याएवढ्या पातळ,
दोन पाठीच्या, दोन बुडाच्या,
तारांचं जंजाळ, एक रिले, दोन बटणं,
आणि सहा भाषांतली माहितीपत्रिका.
तिच्यात फिनिश नव्हती.

गॅरेजात मी टॉर्च धरला.
टॉर्च धरणाऱ्याचं कधीच बरोबर नसतं.
वर म्हणजे इतका वर नाही.
इकडे म्हणजे माझ्या इकडे.

सीटला चार बोल्ट. तीन निघाले.
चौथा गंजाशी संसार मांडून बसलेला.
त्याला तेल पाजलं, शिव्या दिल्या,
कॉफी पिऊन आलो तर निमूट फिरला.

सीट आडवी केली तशी खाली सांडलेली वर्षं दिसली:
दोन मार्कांचं नाणं, आता कुठेच न चालणारं,
पायवीचा एका हाताचा लोकरी मोजा,
सूर्यफुलाच्या बिया,
आणि केसांची एक पिन. हिरवी.
माझी नाही.

आधीच्या मालकाची असेल, तायस्तो म्हणाला.
आधीचा मालक टकला पाद्री होता, ब्रह्मचारी.
मी टॉर्च हलू दिला नाही.
त्याने पिन उचलली
आणि स्क्रूंच्या बरणीत टाकली,
जिथे आमच्या घरातलं
कशातच न बसणारं सगळं जातं.

मग तो बराच वेळ कामात होता.
कव्हर स्पंजाला लोखंडी कड्यांनी जखडलेलं,
एकेक कडी पकडीने उलगडायची,
गादी चिकटवायची, चुणी पडू द्यायची नाही,
चुणी पडली तर तिथेच जळते, म्हणाला.
मी म्हटलं, हो.

डॅशबोर्डवर दोन कोऱ्या पट्ट्या होत्या.
महागड्या मॉडेलला तिथे बटणं असायची.
तीस वर्षं आम्ही त्या कोऱ्या पट्ट्यांसमोर बसलो.
त्या त्याने सुरीने उचकटल्या.
बटणं आत बसली,
टक, टक,
जागा त्यांचीच असल्यासारखी.

सोमवारी फिजिओथेरपीला कायानीला निघालो.
मी माझं बटण दाबलं, दुसऱ्या टप्प्यावर.
पाच किलोमीटर. काही नाही.
दहा. फरशी ती फरशीच.
तायस्तो मात्र चुळबुळायला लागला,
टोपी काढली, कॉलर सैल केली,
शेवटी म्हणाला, माझं बूड भाजतंय,
आणि मी तर अजून काही दाबलेलंच नाही.

तारा उलट्या जोडल्या होत्या.
माझं बटण त्याच्या पाठीला,
त्याचं माझ्या.
टॉर्च हलला असेल, म्हणाला.
टॉर्च हलला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक.
वसंतात दुरुस्त करतो, म्हणाला.

दोन वसंत गेले.
आता थंडी वाजली की बोलावं लागतं.
कडाक्याच्या थंडीतही ‘बरं आहे’ म्हणणारी आम्ही माणसं,
आम्हाला हे जड जातं.
‘जरा लाव’ म्हणायला मला
आधी चर्चचा फाटा लागायचा,
हल्ली पेट्रोलपंपाशीच जमतं.

काल परतताना का कोण जाणे
मी त्याचं बंद केलं.
बर्फ समोरून आडवा येत होता,
वायपर एकाच बाजूचा नीट पुसत होता.
बारा किलोमीटर तो काही बोलला नाही.
माझी पाठ मात्र गरमच होती,
त्याने त्याचा हात बटणाकडे नेला नव्हता.

सिनिक्काची, तो म्हणाला.
काय?
पिन. डेअरीतली सिनिक्का.
बस चुकली होती तिची.
मग थोड्या वेळाने:
दोनदा.

रस्त्यात एक रेनडियर उभा होता.
तो हटेपर्यंत थांबलो.
इंजिन चालू, दिवे चालू,
तायस्तोचे हात स्टिअरिंगवर, लाल, गारठलेले.

मी बटण दाबलं.
एकच टप्पा.