पासंग

यॉर्कला साडेतीनलाच दिवेलागण होते.
पुतण्याने लीड्सहून गाडीत बसवून दिलं,
म्हणाला, काका, नाताळचा बाजार बघून या,
मोजे दोन-दोन घाला.

बाजार म्हणजे ओळीने लाकडी खोपटी,
प्रत्येकीच्या कपाळावर पिवळ्या दिव्यांच्या मुंडावळ्या.
लोकरी टोप्या, मेणबत्त्या, आल्याच्या बिस्किटांची माणसं,
एकीत नुसतंच चीज, गाडीच्या चाकांसारखं रचलेलं,
आणि तांब्याच्या घंगाळात वाफाळणारी लाल दारू
लवंग, दालचिनी, संत्र्याची साल घातलेली.
कुमुद म्हणाली, अहो, वासावरून तर काढाच.
दोघांत एक पेला घेतला.
काढा नव्हता.

मी आपला तराजू शोधत होतो.
एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक:
विटा, आटपाडी, म्हसवड, करमाळा,
पिशवीत प्रमाण वजनं, खिशात शिक्का.
बाजारात शिरलं की माझी नजर
मालावर जातच नाही, काट्यावर जाते.
इथे काटाच नाही.
सगळं आधीच पुड्यांत बांधलेलं, वर आकडा लिहिलेला,
कोणी घासाघीस करत नाही,
कोणी कोणाची आई-बहीण काढत नाही.
इतक्या माणसांचा बाजार
इतका हळू आवाजात कसा चालतो?

चौकापलीकडे बर्फाचं अंगण केलं होतं,
पोरं त्यावर भोवऱ्यासारखी फिरत होती.
कुमुद म्हणाली, मी जाणार.
गुडघा? म्हटलं.
गुडघा माझा आहे, म्हणाली,
आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी
भाड्याचे बूट घालून,
लहान मुलांना धरायला ठेवलेला प्लास्टिकचा पेंग्विन
दोन्ही हातांनी पुढे ढकलत
निघालीसुद्धा.

मला मग तो सापडला,
अर्ध्या पिंपाच्या भट्टीवर चेस्टनट भाजणारा.
आपल्या शिंगाड्याचे दूरचे चुलतभाऊ, पाठीवर चीर दिलेले.
एप्रनवर नाव, डेस्मंड. बोटं कोळशाची.
आणि हातात, शेवटी एकदाचं, माप:
कथलाचा जुना मग,
तळाला पोचा आलेला, आतल्या बाजूला.
म्हणजे दर खेपेला दोन नग कमी.
खटला होऊ शकतो, मी मनात म्हटलं.

त्याने पहिला मग पुडीत ओतला आणि काहीतरी बोलला.
त्या भागाचं इंग्रजी; मला फक्त शेवटचा शब्द कळला.
लव्ह.
पुतण्या सांगतो, इथे सगळ्यांनाच म्हणतात,
बस ड्रायव्हरलाही.
मला मात्र ऐकू आलं: लाभ.
खळ्यावर धान्य मोजताना
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत ना, तसं.
लाभ, दोन, तीन...
मग पुडीत डोकावून, माझ्या उघड्या बोटांकडे बघून
त्याने चिमटीने वर आणखी तीन टाकले.
दोन नव्हे. तीन.

म्हसवडला एक पेरूवाली होती.
पंचनाम्यावर नाव ठकूबाई लोखंडे, खाली अंगठा.
पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवलेली,
पाव किलोमागे अकरा ग्रॅम.
काटा जप्त केला. ओरडली नाही.
दुपारभर ती पेरू नुसते हातावर तोलून विकत राहिली
आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला जास्तच जात होते;
मी समोर चहा पीत बघत होतो.
जास्तीचं मोजायचा कायदा नव्हता.
अजून नाही.

कुमुद आली, कोट एका बाजूने ओला,
नाक लाल, पेंग्विन बगलेत.
पुडीत हात घालून म्हणाली, कितीला पडले?
आठ पौंडांना. तू?
तीनदा, म्हणाली,
आणि चौथ्यांदा एका पोराने धरलं म्हणून राहिले.

पेंग्विन परत करायला ती गेली.
मी तिथेच उभा, पुडी या हातात,
मग त्या हातात.