बद्द

डॉक्टर, गेल्या खेपेला तुम्ही
एक बोट माझ्या छातीवर आडवं ठेवून
दुसऱ्यानं ठोकू लागलात, तेव्हा मला हसू आलं.
रागावू नका. ते काम माझं आहे.
म्युनिकमधल्या त्या तळघरात तीस वर्षं
मी असाच ठोकत आलोय ओकची पिंपं:
रिकामं असलं की ठणठण,
भरलेलं असलं की बद्द.
आवाज बदलतो तिथवर बिअर.
खडूची रेघ मारायची, पुढं सरकायचं.

तुम्हीही रेघ मारलीत, निळ्या पेन्सिलीनं.
पण फार बाहेर मारलीत,
पार बगलेच्या कडेला.
तुमच्या हाताखालच्या पोरानं वहीत लिहिलं:
कोर्बिनियान श्टाडलर, वय एकावन्न,
पिंपं बांधणारा, रोज सात लिटर.
खरं तर आठ.
आठवा नमुना म्हणून चाखायचा असतो,
तो कुणी धरत नाही.

मी कधी गटारात पडलो नाही.
बायकोवर हात उचलला नाही.
माझ्या हातून एक फळी तिरकी बसली नाही.
पगाराबरोबर पितळेची टोकनं मिळतात,
दिवसाला सात, ती काय खिशात वाजवत फिरू?
जाळापाशी फळ्या वाकवताना जेवढा घाम जातो
तेवढं परत भरतो. एवढंच.
दोस्त म्हणायचे, मोठ्या काळजाचा माणूस.
तुम्हीही तेच म्हणालात,
फक्त हसला नाहीत.

वाल्बुर्गा रोज रात्री माझ्या नडगीवर अंगठा दाबते.
खळगा पडतो.
तो भरेपर्यंत ती ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत राहते.
ईस्टरला अर्ध्या प्रार्थनेत भरायचा.
आता आमेन होतं,
खळगा तिथंच.

झोपतो खुर्चीत.
आडवा झालो की पातळी गळ्याशी येते.
आणि आत कुणी शिकाऊ पोरगं ठेवलंय,
कडं बसवायला. त्याला ताल नाही.
दोन घाव घाईत, एक अर्धवट,
मग थांबतं, इतकं थांबतं
की मी मान वर करून बघतो,
गेलं की काय काम सोडून.

तुम्ही म्हणालात, भिंती सैल पडल्यात.
मी म्हणालो, मग आवळा.
तुम्ही म्हणालात, पिणं सोडा,
थोडं आवळेल आपोआप. किती, ते सांगता येत नाही.
डॉक्टर, कोरडं पिंप पाहिलंय तुम्ही?
आठवडाभर उन्हात रिकामं ठेवा,
फळ्या आक्रसतात, फटींतून उजेड दिसतो.
म्हणून रिकाम्या पिंपातही मी पाणी ठेवतो.
माझं जर तसं झालं तर?

तुम्ही चष्मा काढून पुसलात.
‘लाकूड मेलेलं असतं, श्टाडलर.’

घरी जाताना पुलावर तीनदा थांबलो.
खाली इझार नदी, बर्फाचं पाणी, धावत होती
धाप न लागता.
टोकनं नदीत फेकली म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल.
नाही फेकली.
वाल्बुर्गाला दिली. सात टोकनांना
कोपऱ्यावरची बाई अर्धं पोतं बटाटे देते, तेही कोंब आलेले.
हात अकरा दिवस थरथरले.
बाराव्या दिवशी मालकानं विचारलं,
आजारी आहेस का, पीत का नाहीस?

तुमची रेघ मी पुसू दिली नाही.
अंघोळीला वाल्बुर्गा तिच्या कडेकडेनं साबण लावते.
परवा रात्री तिनंच बोट टेकवलं
आणि ठोकून बघितलं.
तिला जमत नाही. दार वाजवावं तशी वाजवते,
आणि कान लावून थांबते,
कुणी येतंय का उघडायला.

हं, ठोका आता.
बोलत नाही मी.