दोन सेटांमधली पाच मिनिटं

मोघे सरांच्या जिममध्ये घड्याळ एकच,
लष्करातल्या बोळात, जुन्या तालमीच्या पत्र्याखाली.
निहार त्याच्याकडे मिनिटामिनिटाला बघतो,
मी पाच मिनिटांनी.

तो बारा वेळा उचलतो. परत बारा. परत बारा.
शेवटच्या दोनांत तोंड वेडंवाकडं,
दंडात रक्त दाटून आलेलं,
आणि घाम पुसायच्या आत पुन्हा बारा.
"मांस वाढवायचं तर त्याला दमवावं लागतं," सर म्हणतात,
"दर आठवड्याला थोडं जास्त काम. वरून डाळ, अंडी, झोप.
मग ते बिचारं घाबरून वाढतं."

माझं वेगळं.
मी तीन वेळा उचलते आणि बसते.
खडूचे पांढरे हात मांडीवर,
शेहेचाळीस वर्षांची बाई, बँकेतली,
काहीच करत नसल्यासारखी.
पहिल्या महिन्यात लाज वाटायची.
फी भरून बसायचं?
सर म्हणाले, "ताई, सब्र.
तुम्हाला नवी माणसं भरती करायची नाहीयेत,
आहेत त्यांना एका हाकेत उठवायचंय.
हाक मारली तरी सगळे येत नाहीत आत्ता."
मला आमची शाखा आठवली,
मार्चअखेर, सात टेबलं, जागेवर तिघं.

तर मी बसते.
पत्र्यावर माकडं पळतात.
समोर गजक कुटणाऱ्यांचे लाकडी हातोडे,
ठक ठक ठक, दम न खाता. ते निहारच्या पंथातले.
श्वास खाली येतो.
दांडीवरचे माझ्या बोटांचे ठसे सुकतात.
मग उठायचं, वाकायचं, पाठ सरळ.
नव्वद किलो जमिनीवरून सुटण्याआधी
क्षणभर काहीच होत नाही.
ते काहीच न होणं
मला हल्ली आवडायला लागलंय.

उगाच गैरसमज नको,
निहार माझ्याहून ताकदवान आहेच, बावीस वर्षांचा आहे.
पण दीड वर्षात माझं वजन, दांडीवरचं, दुप्पट झालं
आणि ब्लाउज तेच राहिले.
नणंदेलासुद्धा पत्ता लागला नाही.
त्याच्या शर्टांना शिंप्यानं दोनदा पट्टी जोडली.
दर रविवारी तो आजीच्या शिवणाच्या टेपनं दंड मोजतो,
पाव इंच वाढला की आमच्याकडे पेढे.
मी कशाचे वाटायचे?
दिसण्यासारखं काही नाही.

कदमांच्या लग्नात खुर्च्या गच्चीवर न्यायच्या होत्या.
मी बाह्या सरसावल्या.
त्यानं साठ नेल्या, मधे मधे फोनवर बोलत.
मी आठ नेल्या आणि जिन्यात टेकले,
सवयीनं, पाच मिनिटं.
वऱ्हाडी मला ओलांडून जात होते.

जानेवारीत मेळ्यात स्पर्धा होती.
धुक्यात आकाशपाळणा अर्धाच दिसत होता.
तंबूमागे निहार उघडा, तपकिरी रंग फासलेला,
काल दुपारपासून पाण्याचा थेंब नाही.
कातडी कागदासारखी, खाली एकेक दोरी वेगळी.
इतका मोठा मी त्याला कधी पाहिला नव्हता.
बोटं थरथरत होती.
"मावशी, झाकण उघडता? माझ्यानं होत नाहीये."

मी उघडलं.
त्यानं ओठ तेवढे ओले केले
आणि दिव्यांकडे गेला.

शिट्ट्या ऐकू आल्या, कुणीतरी नंबर पुकारला.
मला कनातीवरची त्याची सावली दिसत होती,
दंड वर, मान वळलेली,
आणि ती सावली जराही हलत नव्हती.
मी एक खुर्ची शोधली, बसले.
आल्यावर त्याला पाणी लागेल.
झाकण मी सैलच ठेवलं.