खाजणातली मोजणी

डेल्फिना मंगळवारी येत नाही,
गुरुवारी नाही, शनिवारी नाही.
ते दिवस यंत्राचे.
उरलेल्या दिवसांवर ती भरतीचं कोष्टक ठेवून बघते
आणि फोन करते: "उद्या सहाला. गुडघ्यापर्यंतचे बूट आण."

तिहुआना नदी समुद्राला मिळता मिळता
जिथे रेंगाळते, तिथलं हे खाजण.
वर नौदलाची हेलिकॉप्टरं,
दक्षिणेला कुंपण, चालत चालत थेट पाण्यात शिरलेलं.
आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीची जीभ
जिथे लागते न लागते,
तेवढ्याच हातभर पट्ट्यात
चोचफूल.

आधी दिसतच नाही.
राखट हिरवं, वीतभर, चिखलाचंच केस वाढल्यासारखं.
मग एक पांढुरकी चोच, कडेला जांभळट,
जेमतेम उघडी,
काही बोलायला घेतलं आणि विसरली, अशी.

हिवाळी पावसात उगवायचं, उन्हाळ्यात फुलायचं,
पुढचा हिवाळा बघायचा नाही.
तेवढ्यात जमिनीखाली
शेजारच्या खारगवताच्या मुळात मूळ खुपसून
घोटभर पाणी घ्यायचं.
आमच्याकडे याला बांडगूळ म्हणतात, मी म्हटलं,
माणसालाही म्हणतात.
"आमच्याकडेही," डेल्फिना म्हणाली,
आणि झेंडी रोवली. सत्तेचाळीस.
बहिणीच्या मागच्या खोलीत राहते ती,
नऊ वर्षं झाली.

भिंग दिलं तिनं. पानावर मिठाचे खडे,
बारीक, चौकोनी, कुणी मोजून ठेवल्यासारखे.
"बघ. जेवढं आत आलं तेवढं बाहेर.
सुई नाही. चार तास खुर्ची नाही."
तिच्या डब्यात बिनमिठाच्या घेवड्याच्या शेंगा,
त्या तिनं तोंड वाकडं करत खाल्ल्या.

नाळ ओलांडताना पाय घसरला,
मी तिचा डावा हात पकडला
आणि दचकून सोडला.
बोटांखाली काहीतरी गुणगुणत होतं,
वाटलं, मधमाशी चिरडली.
"तो नाही," ती म्हणाली, "दुसरा हात धर.
त्यातून माझं रक्त जातं येतं."

मधमाश्या वरच्या कोरड्या उतारावर.
तिथे त्यांची बिळं, म्हणून कुणी तिथे
गाड्या लावू नयेत, असं डेल्फिना
तीन वर्षं नगरपालिकेला लिहिते आहे.
उत्तर एकदाच आलं. पत्ता चुकीचा होता.

चौथ्या चौकटीत काहीच नाही.
गेल्या जूनमध्ये दोनशे बारा होती.
मी वहीत शून्य काढायला घेतलं.
"शून्य नको."
मग काय लिहू?
ती वाकली, चिखलाला नाक लागेल इतकी,
बराच वेळ तशीच राहिली.
"बी भरतीवर तरंगतं. कुठेतरी अडकलं असेल.
लिही, अजून दिसली नाहीत."

रकान्यात मावेना. मी समासात लिहिलं.
पाणी बुटांच्या टाचेला लागलं होतं,
ती घड्याळ न बघता म्हणाली, चला.
उद्या गुरुवार.