तळं उठून जातं

तार्तूत, लोककथांच्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर
हेल्वे कुस्लाप एकोणीस वर्षं
एकच गोष्ट मोजते आहे:
अपमान झालेलं तळं रात्रीतून उठतं,
ढग होतं
आणि दुसऱ्या गावी जाऊन पडतं.

पाठभेद एकशे बारा.
कुठे कुणी तळ्यात खरजेलं कुत्रं धुतलं,
कुठे भावाभावांनी काठावरच हद्दीचा दगड सरकवला.
एका कार्डावर कारणच नाही,
तळं नुसतं कंटाळलं.
तिथे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय,
मग खोडलंय.

परिषदांमध्ये ती म्हणते आकृतिबंध, म्हणते
स्थलांतराची सामूहिक स्मृती.
माना डोलतात. कॉफी बरी असते.

पण एकाहत्तर सालची ती फीत.
लीने नावाची म्हातारी, दात नसलेला आवाज.
संग्राहक विचारतो, तुमचा विश्वास आहे का यावर?
बराच वेळ फक्त किटली.
मग:
विश्वास कसला, बाबा. पाणी आहे ते.
धुणं मात्र मी जन्मभर विहिरीवरच धुतलं.

हेल्वेच्या प्रबंधात तळटिपा सहाशे चाळीस.
त्यांत हे नाही, की ऑगस्टात
ती लीनेचं गाव बघायला गेली.
तळ्याच्या जागी कुरण, गुडघाभर गवत,
खुंटाला एक तांबडी गाय.
चालता चालता घशात चिलट गेलं.
खोकली, डोळ्यांत पाणी आलं,
आणि तोंड घट्ट मिटून
ती कुरण ओलांडून पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली,
मागे वळून एकदा अंतर पाहिलं,
मगच थुंकली.